जुन्या चिऱ्यांचा गडगा : उताराच्या परसात वाफा कसा अडवावा

कोकणात सपाट परसू फार थोड्यांच्या वाट्याला येते. घर डोंगराच्या कुशीत नाहीतर सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, कडेला, मागच्या दारी चढ आणि अंगणाखाली उतार. अशा उतारावर भेंडी, वांगी, हळद लावायची म्हटली की कष्टाने घातलेली शेणखताची माती आषाढात खालच्या पाणंदीत जाऊन बसते. दुसरीकडे गावोगाव चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाच्या घडीव ठोकळ्यांची, जुनी घरे मोडून स्लॅबची घरे उभी राहत आहेत, आणि मोडलेल्या घरांचे चिरे, कौले, फरश्या आवाठात (वाडीत) कुठेतरी ढीग होऊन पडलेल्या असतात. या दोन गोष्टी एकत्र आणल्या की उतारावर चांगला वाफा होतो. त्यासाठी सिमेंटची एक गोणही लागत नाही.

आपण बांधणार आहोत तो कोरडा गडगा, म्हणजे चिऱ्यावर चिरा, मध्ये दरज (सांध्यातली माती, चुना किंवा सिमेंट) भरायची नाही. लांबी १२ फूट, जमिनीवर दिसणारी उंची पावणेदोन फूट. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने यापेक्षा उंच जाऊ नये. तीन फुटांच्या वरची भिंत, घराच्या जोत्याखालचा उतार, वरून गाडी जाणारी जागा, किंवा खाली शेजाऱ्याचे घर असलेला बांध, यांपैकी काहीही असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय एक चिराही हलवू नका. उंच उतार असेल तर एक मोठी भिंत बांधण्याऐवजी दोन बुटके गडगे टप्प्याटप्प्याने घाला. वरचा गडगा खालच्याच्या पाठीला खेटून नको, मध्ये निदान चार फुटांचा वाफा सोडा. वरकस जमिनीत नाचणी-वरीसाठी उतार असाच अडवत आले आहेत.

पाणी खंय जातला?

कुणा जुन्या मेस्त्रीला जागा दाखवली, तर तो चिरे मोजण्याआधी हा प्रश्न विचारतो, पाणी कुठे जाणार. त्यामागचा हिशेब समजून घेतला की पुढची सगळी कृती आपोआप सुचत जाते.

आपल्या गडग्याचे चार थर, प्रत्येक थरात चिरा आडवा, म्हणजे त्याची लांबी मातीच्या दिशेने आत गेलेली. एका फूट लांबीच्या अशा गडग्याचे वजन साधारण १५५ किलो भरते. त्याच्या मागची माती निथरलेली असेल, तर ती त्या एका फुटाला ढोबळमानाने ४०-४५ किलोच्या बळाने पुढे ढकलते. चिऱ्याखालचे घर्षण धरले वजनाच्या सहा दशांश, म्हणजे नव्वदेक किलो. गडगा आरामात उभा राहतो. आता त्याच मातीत पाणी काठोकाठ तुंबले असे समजा. ढकलणारे बळ शंभराच्या वर जाते आणि गडगा सरकू लागतो. माती तीच आणि चिरे तेच, फक्त पाण्याला वाट मिळाली नाही. उंचीचाही असाच हिशेब आहे. उंची दुप्पट केली तर दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून पावणेदोन फुटांवर थांबायचे.

पाणी किती, तेही पाहू. दक्षिण कोकणात हंगामात ३००० मिलिमीटरच्या आसपास आणि बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त पाऊस पडतो. १२ फूट लांब आणि १० फूट रुंद वाफ्यावर तेवढ्या पावसाचे तेहतीस हजार लिटर पाणी पडते. त्यात वरच्या चढावरून वाहत येणारे आणि छपराच्या पागोळ्यांचे पाणी धरलेलेच नाही. गडगा माती अडवण्यासाठी बांधतो हे खरे, पण बांधतानाचे अर्धे काम पाणी न अडवण्याचे आहे. चिऱ्यांच्या फटी सिमेंटने लिंपून गडगा 'पक्का' करणाऱ्यांना हेच कळत नाही. दरज भरायचीच असेल, तर तळाजवळ दर तीन-चार फुटांवर दोन इंची नळी आरपार ठेवावी लागते आणि ती तुंबू नये म्हणून जन्मभर लक्ष ठेवावे लागते. कोरड्या गडग्यात प्रत्येक फट ही नळीच आहे.

चिरे निवडणे

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा आणि ऊन लागत गेले की कडक होतो. फ्रान्सिस बुकाननने मलबारच्या प्रवासात हे पाहून १८०७ साली छापले, आणि आपल्याकडचे चिरेखाणीवाले त्याच्या कितीतरी आधीपासून त्याच गुणावर पोट भरत होते. जुन्या घराचा चिरा घेण्यात पैशांपलीकडचा फायदा हाच आहे. तो पन्नास-साठ पावसाळे पाहून तावून निघालेला असतो. जो ठिसूळ होता तो आधीच झडून गेला, उरला तो भरवशाचा. फक्त ही कडक कातडी बाहेरच्या अंगाला असते. चिरा फोडला की आतला मऊ भाग उघडा पडतो. म्हणून फोडाफोड कमीत कमी करायची आणि जी बाजू पूर्वी ऊनपाऊस खात होती तीच पुन्हा दर्शनी ठेवायची. ती ओळखायला सोपी, काळपट शेवाळलेली असते.

ढिगातला प्रत्येक चिरा हातोडीने वाजवा. खणखणीत आवाज आला तर घ्या, भद्द आवाज आला तर आत चीर आहे किंवा तो मातकट आहे. पृष्ठभागावर खिळा ओढून पाहा. तांबडा, लोखंडी भोकांचा चिरा खिळ्याला दाद देत नाही. पिवळट, साबणासारखा ओरखडणारा चिरा पाण्यात बसला की विरतो. तो बाजूला काढा आणि फोडून भरावातही वापरू नका, कारण त्याची माती होऊन फटी बुजतात. मातीच्या दरजेतले चिरे नुसत्या झाडूने साफ होतात. चुन्याची दरज बोथट छिन्नीने टवका मारला की सुटते. सिमेंट घट्ट बसलेले असेल तर त्याच्या मागे लागू नका, ती बाजू आत मातीकडे जाऊ द्या.

जुन्या हातकामाच्या चिऱ्यांची मापे एकसारखी नसतात. साधारण १४ इंच लांब, ९ रुंद, ७ उंच धरा आणि वजन तीस किलोच्या जवळपास. मापात इंचभर फरक चालतो, पण एका थरात उंची सारखी हवी. म्हणून घरी आणल्यावर उंचीप्रमाणे तीन ढीग लावा. या कामात गेलेली सकाळ पुढे दोन दिवस वाचवते.

चिरा कुणाचा आहे हे विचारल्याशिवाय उचलू नका. कोकणात पडक्या घरालाही बारा हिस्सेदार असतात आणि तेरावा मुंबईहून गणपतीत येऊन विचारतो. किल्ल्याचा ढासळलेला तट, देवळाचे जुने जोते, वीरगळ किंवा सड्यावर कातळशिल्पांच्या आजूबाजूला पडलेला दगड, यांना हातच लावायचा नाही, मग तो कितीही बेवारस दिसो.

दुसरी गोष्ट विंचू आणि फुरशाची. बरीच वर्षे पडून असलेला चिऱ्यांचा ढीग हे दोघांचेही हक्काचे घर असते. फुरसे जेमतेम हात-दीड हात लांब, रंगाने मातीत मिसळून जाणारे, आणि आपल्या भागात सर्पदंशाच्या बऱ्याच घटना त्याच्याच. चिरा उचलताना खाली थेट बोटे घालायची नाहीत. आधी पहारीने आपल्या विरुद्ध बाजूने उलथायचा, खाली पाहायचे, मगच हात लावायचा. पायात बूट, हातात जाड मोजे आणि काम उजेडीच. दंश झालाच तर बांधाबांध, चिरफाड, गावठी उपाय यांत वेळ न घालवता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचे. सापाच्या विषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, तेव्हा साप मारून सोबत नेण्याचीही गरज नाही. लाल विंचवावरही उपचार आहे. प्राझोसिन या गोळीचा वापर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवला, आणि तो उशीर न करता झाला तरच उपयोगी.

बाकीचे जुने सामान

चिऱ्यांसोबत मंगळुरी कौलांचे तुकडे जमतील तेवढे आणा. भरावाला याच्यापेक्षा चांगला माल नाही. भाजलेली माती कुजत नाही, विरत नाही आणि तिचे कोनदार तुकडे एकमेकांत अडकून बसतात. जुनी शहाबादी फरशी किंवा कडप्पा वर झाकण म्हणून चालतो. फाटकी शेडनेट, पानवेलीच्या किंवा सुपारीच्या बागेतला फुटका अडीच इंची पाइप, हेही ठेवून द्या.

काही सामान फुकट मिळाले तरी नको. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आणि काळे तेल मुरवलेले खांब भाजीच्या वाफ्याजवळ आणू नका, त्यांतले क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायचे विषारी तेल, मातीत उतरते. जुन्या ऑइलपेंटच्या दार-खिडक्यांच्या फळ्यांत शिसे असू शकते. सिमेंटच्या जुन्या करड्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते फोडून भरावात टाकण्याची कल्पना पुष्कळांना सुचते, पण फोडताना उडणारी धूळ फुप्फुसात कायमची राहते. टायर रचून त्यांत माती भरण्याच्या कल्पनेबद्दल माझे मत सौम्य नाही. ती भिंत कुरूप दिसते, पावसाळ्यात टायरांच्या कडांत पाणी साचून डासांची पैदास होते, आणि मोडायची वेळ आली की टायर कुणी फुकटही नेत नाही.

देशावरच्या वाचकांकडे चिऱ्याऐवजी काळा दगड असेल. तो जांभ्यापेक्षा बराच जड, म्हणजे गडग्याला चांगलाच, पण ओबडधोबड. त्यात प्रत्येक दगडाची बैठक शोधावी लागते आणि हात बसायला वेळ लागतो. खरी अडचण काळ्या मातीची. ती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि दरवर्षी भिंतीला एक धक्का देते. तिथे भिंतीमागे फूटभर तरी मुरूम-खडीचा पट्टा हवा. शहरात जुन्या विटाच हाती असतील तर फूटभर उंचीवर समाधान माना. स्लॅब तोडून निघालेले काँक्रीटचे सपाट तुकडे मात्र चिऱ्यासारखेच रचता येतात. त्यांतल्या वाकड्या सळया आधी कापून घ्या.

किती लागेल

१२ फूट म्हणजे १४४ इंच. ९ इंच रुंदीचे चिरे आडवे लावले तर एका थराला १६, चार थरांना ६४. दोन्ही टोके चढात वळवून न्यायला आठ-दहा आणि तुटफुटीला पाच-सहा, म्हणजे ८० चिरे आणा. वजन सव्वादोन-अडीच टन. छोटा हत्ती टेम्पो पाऊण टनाच्या आसपास भार घेतो, म्हणजे तीन-चार फेऱ्या. ड्रायव्हर दोन फेऱ्यांत उरकू म्हणेल, पण त्याच्या नादी लागू नका, कोकणातले घाट आणि पाणंदी तुम्हाला माहीत आहेतच. भरावासाठी अठरा-एकोणीस घनफूट कौलांचे आणि चिऱ्यांचे तुकडे लागतील, साधारण चाळीस घमेली. गडगा रचून झाला की भराव कमी पडला असे नेहमी होते, तेव्हा हे आधीच फोडून ठेवा. सुपारीपासून लिंबाएवढे तुकडे बरे. फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा.

हत्यारे घरात नाहीतर शेजारी मिळतात : पहार, कुदळ, फावडे, घमेले, दोन हातोडे, छिन्नी, धुम्मस (जमीन ठोकून बसवायचा जड ठोकणा), सुताची दोरी, चार खुंट्या आणि दहा-पंधरा फूट पारदर्शक नळी.

हंगाम दिवाळीनंतरचा. पावसाने मऊ झालेली जमीन अजून कुदळ घेते, आणि गडग्याला जूनपर्यंत बसायला वेळ मिळतो. मे महिन्यात जांभ्याची जमीन खणायला घेणाऱ्याची पहार नुसती ठिणग्या काढते. शिवाय वळवाचा एक पाऊस आला की उघडा चर चिखलाने भरतो.

आखणी आणि चर

गडग्याची रेघ उताराला आडवी हवी. दोन खुंट्या ठोका, दोरी ओढा आणि नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी खोटी दाखवते, म्हणून पाणी भरल्यावर नळी उभी धरून बोटाने टिचक्या मारा. दोन्ही टोकांचे पाणी एका उंचीला असते, तिथे खुंट्यांवर खूण करा. रेघ सरळच हवी असा नियम नाही. चढाकडे पोट असलेली किंचित वक्र रेघही चालते, पण नवख्याने सरळ रेघ धरावी.

चर खालच्या बाजूच्या जमिनीपासून १० इंच खोल आणि २२ ते २४ इंच रुंद खणायचा. १४ इंच चिऱ्याचे, उरलेले मागच्या भरावाचे. वरची काळी माती एका बाजूला, खालचा तांबडा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका, दोन्ही मिसळली तर नंतर पस्तावाल. तळ घट्ट लागेपर्यंत खणा. जुने उंदराचे बीळ, कुजलेले मूळ किंवा भरावाची भुसभुशीत जागा लागली तर ती पूर्ण काढून तिथे तुकडे ठोकून भरा. मध्येच कातळ लागला तर उत्तम, तो झाडूने साफ करून चिरा थेट त्यावर बसवता येतो. जमीन लांबीच्या दिशेनेही उतरत असेल तर चराला पायऱ्या करा, एक पायरी एका चिऱ्याच्या उंचीची. तळ तिरका ठेवून त्यावर थर लावला तर सगळा गडगा हळूहळू खालच्या टोकाकडे निघतो.

तळाला किंचित ढाळ हवा, पण तो मागे, चढाच्या दिशेने. १४ इंचांत अर्धा इंच पुरे. म्हणजे पहिला चिरा पुढच्या कडेला थोडा उंच आणि मागे दबलेला बसतो. मग चरात दोन-तीन इंच चिऱ्यांचा भरडा पसरून धुम्मसाने ठोका. टाच मारून पाहा, ठसा उमटला तर अजून ठोका.

पहिला थर

पूर्ण कामाचा निम्मा वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. हा थर जमिनीत गाडलेला राहणार, कुणाला दिसणार नाही, पण वरच्या तीन थरांचे सगळे चुकणे किंवा जमणे याच्यावर ठरते. सगळ्यात मोठे, जड आणि चांगल्या बैठकीचे चिरे इथे वापरा.

चिऱ्याची पुढची कड दोरीला लावायची, पण दोरीला टेकवायची नाही. केसभर अंतर ठेवा, नाहीतर एक चिरा दोरी ढकलतो आणि पुढचे सगळे त्याच्यामागे वाकडे जातात. प्रत्येक चिरा बसवला की त्याच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने पाय द्या. हलला तर उचला, खालचा भरडा खरवडा किंवा भरा, पुन्हा बसवा. हलणाऱ्या चिऱ्याच्या पुढच्या फटीत बाहेरून चीप (दगडाची पातळ कपची) ठोकायचा मोह आवरा, ती पाचर काही दिवसांत निसटते. चीप नेहमी मागून आत द्यायची, म्हणजे मागची माती तिला दाबूनच धरते.

तीस किलोचा चिरा कमरेतून वाकून उचलू नका. गुडघ्यात बसा, चिरा पोटाशी घ्या, उठा. दोघे असाल तर उत्तम, आणि थोडे अंतर असेल तर फळीवरून सरकवत आणा. चिरा टेकवताना एका कडेखाली लाकडाचा लहान ठोकळा ठेवायचा, बोटे काढून घ्यायची आणि मग ठोकळा ओढायचा. गवंड्यांच्या काळ्या पडलेल्या नखांचे कारण हा ठोकळा न वापरणे.

वरचे तीन थर

दुसरा थर सुरू करताना दोन गोष्टी. पहिली, सांधा मोडायचा. खालच्या दोन चिऱ्यांमधली उभी फट वरच्या चिऱ्याच्या मधोमध आली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक दुसऱ्या थराची सुरुवात अर्ध्या चिऱ्याने करावी लागते. एकावर एक तीन फटी सरळ रेषेत आल्या की गडगा तिथेच उघडतो. दुसरी, प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा एक इंच मागे घ्यायचा. सात इंचांना एक इंच असा कल मिळतो आणि गडगा मातीवर रेलून उभा राहतो. बाजूने पाहिले की जरा आळशी दिसतो, पण पहिल्या पावसात मातीने थोडे ढकलले तरी त्याच्याकडे सरकायला जागा असते. ओळंब्यात उभ्या बांधलेल्या गडग्याला ती नसते, तो त्याच दिवशी पुढे झुकतो.

चिरे कमी पडत असतील तर तिसऱ्या थरात काटकसर करता येते. दोन चिरे उभे, म्हणजे लांबी दर्शनी बाजूला, आणि एक आडवा, मुळासारखा आत गेलेला. उभ्या चिऱ्यांच्या मागे पाच इंचांची पोकळी राहते, ती तुकड्यांनी गच्च ठोकून भरायची. पहिले दोन थर आणि सर्वांत वरचा थर मात्र पूर्ण आडव्या चिऱ्यांचाच ठेवा.

टोकांकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. गडगा हवेत संपला तर पाणी त्याला वळसा घालून मागची माती धुऊन नेते. दोन्ही टोकांना काटकोनात वळून प्रत्येक थराचा एक-दोन चिऱ्यांचा हात चढाच्या पोटात शिरला पाहिजे. कोपऱ्यात एका थरात या बाजूचा चिरा पुढे, वरच्या थरात त्या बाजूचा, अशी वीण घाला.

भराव

गडगा पूर्ण रचून मग मागे माती लोटायची, असे करू नका. थर एक, भराव एक. चिऱ्यांच्या पाठीमागे आठ इंच रुंदीचा पट्टा कौलांच्या आणि चिऱ्यांच्या तुकड्यांनी भरायचा, हाताने दाबत, मोठे तुकडे चिऱ्याजवळ आणि बारीक मातीकडे. या पट्ट्यात माती जाऊ नये म्हणून तुकडे आणि माती यांच्यामध्ये शेडनेटची दुहेरी घडी उभी लावा. जुनी साडी किंवा गोणपाट लावतात ते दोन पावसाळ्यांत कुजते आणि मग माती फटींत उतरते. सिमेंटची प्लॅस्टिकची पोती तर पाणीच अडवतात. शेडनेट नसेल तर तुकडे आणि माती यांच्यामध्ये तीन-चार इंच जाड वाळूचा थर द्या.

तुमची माती चिकण असेल किंवा वरून झरा पाझरत असेल तर पट्ट्याच्या तळाशी तो फुटका पाइप टाका. खालच्या अंगाला भोके पाडायची, भोवती शेडनेट गुंडाळायची आणि आठ फुटांना एक इंच ढाळ देऊन एका टोकाला बाहेर काढायचा. ते टोक शेजाऱ्याच्या बांधात सोडू नका. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे याहून लहान पाण्यावरून सुरू झाले आहेत.

पट्ट्याच्या मागची माती सहा-सहा इंचांच्या थराने भरा आणि पायाने दाबा. धुम्मस इथे वापरायचे तर गडग्यापासून दोन फूट लांब, त्याच्या पाठीवर ठोकले तर नुकताच जमवलेला थर पुढे सरकतो. वरच्या आठ-नऊ इंचांत बाजूला काढलेली काळी माती, शेणखत आणि कुजलेला पाचोळा. जुन्या चुन्याचा भुगा थोडा मिसळला गेला तर बिघडत नाही, आपली जांभ्याची माती मुळात आंबट असते आणि भाजीला तो चुना मानवतो.

वाफ्याचा वरचा पृष्ठभाग गडग्याच्या माथ्यापेक्षा दोन-तीन इंच खाली ठेवा, नाहीतर प्रत्येक सरीबरोबर माती वरून वाहील. माथ्यावर फरशी टाकणार असाल तर तिचा ढाळ बाहेर द्या आणि ती इंचभर पुढे काढा. बसायला चांगली होते, पण पोरांना त्यावर चालू देऊ नका. वाफ्याच्या चढाकडच्या कडेला एक वीतभर चर खणून वरून येणारे पाणी बाजूने काढून द्या. छपराच्या पागोळ्या वाफ्यात पडत असतील तर आधी पन्हळ लावा, बाकीचे सगळे नंतर.

काय लावावे, काय नको

गडग्यापासून पहिल्या फुटात वाळा किंवा गवती चहा. वाळ्याची मुळे सरळ खाली कित्येक फूट जातात आणि आजूबाजूला फारशी पसरत नाहीत, त्यामुळे चिरे न हलवता माती शिवली जाते. हळद, आले, सुरण यांना काढताना खणावे लागते, ते गडग्यापासून दोन फूट मागे. फटींत ओव्याच्या पानाची फांदी खोचली तर लागते. अळू गडग्याच्या पायथ्याशी लावा, जिथे पाझर उतरतो. केळ गडग्याला खेटून नको, एकदा तिचे बेट झाले की जागा मागत सुटते. शेवगा, फणस, माड यांना तर पंधरा फुटांच्या आत जागा नाही.

पहिला पावसाळा

जूनमध्ये पहिल्या दणकेबाज सरीत छत्री घेऊन बाहेर उभे राहा. फटींतून पाणी झिरपताना दिसले पाहिजे. सुरुवातीला गढूळ आणि तासाभरात निवळ आले तर सगळे ठीक. गढूळच येत राहिले तर शेडनेट कुठेतरी सरकली आहे. काहीच आले नाही आणि वर वाफ्यात पाणी तुंबले, तर त्या जागेचा भराव मातीने भरला आहे, तो उघडावाच लागेल. पण पाऊस थांबल्यावर, भर पावसात चिरे उतरवायला जाऊ नका.

माती पहिल्या वर्षी दोन-तीन इंच बसते, ते अपेक्षितच आहे. श्रावणात एक फेरी मारून फटींत रुजलेली पिंपळ-उंबराची रोपे उपटा. दोन पानांवर असताना ती बोटांनी निघतात, पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी चिरा काढावा लागतो. दिवाळीच्या सुमारास कुठे पोट निघालेले दिसले, तर तेवढाच भाग वरून उतरवून मागचा भराव तपासा आणि त्याच चिऱ्यांनी पुन्हा रचा. चार-पाच चिऱ्यांचे काम असते, एका दुपारात होते.